लोखंड घरात आणण्याआधी

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न घेऊन पाच-सहा घरची माणसे आमच्याकडे येऊन गेली. मुलाला किंवा मुलीला नेटवर्किंगची परीक्षा द्यायची आहे. क्लासमध्ये एकजण सांगतो, खरी यंत्रे घरी घेतल्याशिवाय हे काम येत नाही. दुसरा सांगतो, संगणकाच्या पडद्यावर सगळे फुकट करता येते, पैसे कशाला घालवता? घरात पैसा मोजका. मग कोणाचे ऐकायचे? आजचा मजकूर त्यासाठीच.

प्रथम ही परीक्षा कसली ते आई-वडिलांनी समजून घ्यावे. बँक असो, इस्पितळ असो की साधी कचेरी, तिथले संगणक एकमेकांना जोडलेले असतात. त्यांना जोडणाऱ्या खोक्याला स्विच म्हणतात. एका जाळ्यातला मजकूर वाट शोधून दुसऱ्या जाळ्याकडे धाडणारे खोके म्हणजे राउटर. ही खोकी लावणे, चालती ठेवणे आणि बंद पडली की दोष शोधणे हे नेटवर्किंगचे काम. या कामात शिरण्यासाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून आहे. तिला पदवीची अट नाही. वेळ १२० मिनिटे. फी मात्र ३०० अमेरिकन डॉलर आणि वर कर, म्हणजे आपल्याकडे ३० हजार रुपयांच्या आसपास. नापास झाले तर फी पुन्हा भरावी लागते. पास झाले तर प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. हा ३० हजारांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाची हकिगत सांगतो. क्लासमधले ऐकून त्याने घरात हट्ट धरला. आईने पतपेढीचे कर्ज काढले आणि लॅमिंग्टन रोडवरून ३ जुने राउटर, ३ जुने स्विच घरी आले. दहा बाय बाराची खोली. खोकी चालू केली की आतले पंखे घोंगावू लागत. वडील रात्रपाळीचे, दिवसा झोपणारे. आठ दिवसांत बाप-लेकात बोलणे बंद झाले. त्यात एका राउटरला आधीच्या मालकाचा पासवर्ड होता. पोराने तीन रात्री जागून, सुरू होताना राउटर अडवून, २१४२ हा आकडा घालून तो उघडला. आम्ही त्याचे कौतुकच केले, कारण असा धडा पुस्तकातून मिळत नाही. पण पुढे परीक्षेची वेळ आली तेव्हा फीला पैसे उरले नव्हते. कर्जाचे हप्ते चालू होते. दीड वर्ष ते ज्ञान आणि ते लोखंड दोन्ही पलंगाखाली पडून राहिले.

ही गोष्ट डोळ्यांसमोर असल्यामुळे, पुढे शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन आमच्याकडे आली तेव्हा आम्ही ठामपणे सांगितले की लोखंडाला हात लावू नको. आईने भिशीतून ३५ हजार जमवले होते. "भाऊ, यात यंत्रं घेऊ का फी भरू, एकच काय ते होईल," असे ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "ताई, पैसे फीसाठी राखून ठेवा. पोरीला पॅकेट ट्रेसरवर अभ्यास करू द्या."

पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचाच सिम्युलेटर आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की तो फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. पडद्यावर हवे तितके राउटर-स्विच मांडा, तारा ओढा, आज्ञा द्या. मजकुराचे एकेक पाकीट कोणत्या खोक्यातून कुठे गेले आणि कुठे अडले, हे थांबवून थांबवून पाहता येते. खऱ्या यंत्रात हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. शिवाय आजच्या परीक्षेत बिनतारी जाळे आहे, १०० पैकी १० भाग ऑटोमेशनचा आहे. बाजारात मिळणाऱ्या जुन्या लोखंडात यातले बरेचसे शिकताच येत नाही. आणि परीक्षाही पडद्यावरच होते, तिथे कोणी राउटर हातात देत नाही.

मुलीने सहा महिने अभ्यास केला आणि पहिल्याच खेपेला पास झाली. गल्लीत पेढे वाटले. आमचीही मान ताठ झाली.

त्यानंतर ती मुलाखतीला गेली. समोरच्या माणसाने टेबलावर एक स्विच, एक फिकट निळी चपटी केबल आणि एक लॅपटॉप ठेवला व म्हणाला, जोडून दाखव. पॅकेट ट्रेसरमध्ये ही केबल जोडली की चौकट उघडते, त्यात वेगाचा ९६०० हा आकडा आधीच भरलेला असतो, आपण फक्त ओके दाबायचे. इथे निळ्या केबलचे टोक लॅपटॉपला बसेना. त्याला मध्ये यूएसबीचा जोड लागतो, तो कोणत्या पोर्टवर लागला हे शोधावे लागते, आकडे स्वतः भरावे लागतात. पोर गांगरली. नोकरी गेली. परत आल्यावर ती आम्हाला म्हणाली, "काका, मला सगळं येत होतं. फक्त सुरुवात येत नव्हती."

वाचकहो, ही आमची चूक होती. कर्जाच्या भीतीने आम्ही तिला अर्धाच सल्ला दिला. सिम्युलेटरमधली तार कधी सैल नसते, कनेक्टरची चीप कधी तुटलेली नसते, पोर्टात धूळ नसते. स्विचला तार लावल्यावर दिवा केशरीचा हिरवा व्हायला साधारण ३० सेकंद लागतात. पडद्यावर ती ३० सेकंदे बटण दाबून पुढे ढकलता येतात. कचेरीत साहेब पाठीशी उभा असताना ती धीराने काढावी लागतात, आणि दिवा केशरी आहे म्हणजे बिघाड नव्हे हे माहीत असावे लागते. आणखी एक गोष्ट. सिम्युलेटर ही नक्कल आहे, खऱ्या यंत्रातल्या सगळ्या आज्ञा तो घेत नाही. आज्ञा चालली नाही म्हणजे आपण चुकलोच, असे समजून मुलांनी खचू नये.

जीएनएस३ सारखी साधने खऱ्या राउटरचेच सॉफ्टवेअर संगणकावर चालवतात. पण ते सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे असते, ते चोरून घेऊ नये. सिस्कोने २०२४ च्या अखेरीस स्वतःचे तसे साधन ५ यंत्रांपर्यंत फुकट दिले आहे, मात्र त्याला दणकट संगणक लागतो. सुरुवातीला त्याची गरज नाही.

मग करावे काय? आमच्या मते क्रम असा ठेवावा.

सर्वात आधी वही आणि पेन्सिल. पत्त्यांची विभागणी, ज्याला सबनेटिंग म्हणतात, तिला ना यंत्र लागते ना संगणक. १९२.१६८.१.०/२४ या जाळ्याचे /२६ ने ४ भाग होतात, प्रत्येकात ६४ पत्ते, वापरायला ६२. अशी पाच गणिते रोज जेवणाआधी सोडवावीत.

त्याबरोबर पॅकेट ट्रेसर, रोज तासभर. जे मांडले ते पुसून दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा मांडावे.

तिसरे, थोडी केबल, डझनभर कनेक्टर, एक क्रिंपिंगचा चिमटा आणि एक साधा टेस्टर. हजार रुपयांच्या आगेमागे हे काम होते. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी हा क्रम बोटांना पाठ झाला पाहिजे.

चौथे, खरी यंत्रे. ती हाताळायची जरूर, पण ती एका घराची नसावीत. ज्या मुलाचे लोखंड पलंगाखाली पडले होते, त्याच्या आईशी आम्ही बोललो. आता त्यातले २ स्विच आणि १ राउटर वस्तीतल्या अभ्यासिकेत एका टेबलावर मांडले आहेत. निळी केबल आणि यूएसबीचा जोड वर्गणीतून घेतला. रविवारी सकाळी ९ ते १२ तोच मुलगा शिकवतो. तीन खोक्यांचे मिळून १५० वॅट धरले तरी तीन तासांत अर्धा युनिटही वीज जळत नाही, आणि वडिलांची झोपही मोडत नाही. एका मुलाला सिम्युलेटरवरच्या अभ्यासानंतर असे सात-आठ रविवार पुरतात.

त्या मुलाची फी अजून भरायची आहे. शिकणाऱ्या घरांनी दरमहा १०० रुपये त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे ठरवले आहे. मुलगी दर रविवारी तिथे असते. पहिल्याच दिवशी तिने निळी केबल अकरा वेळा काढली आणि अकरा वेळा जोडली. पुढच्या महिन्यात तिची दुसरी मुलाखत आहे.

तेव्हा पालकांनो, कोणी म्हणाले की यंत्रे घ्या नाहीतर पोरगे मागे पडेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक रविवार अभ्यासिकेत या. पोराला सोबत आणा. निळी केबल त्याच्या हातात द्या आणि काय होते ते पाहा.