गळती वरची, भुर्दंड खालचा

पावसाळा सरला तरी छतावरची ओल वाळत नाही, तेव्हा ती पावसाची नसून वरच्या घरातील न्हाणीघराची आहे हे खालच्या सदनिकाधारकास उमगते. येथून एका दीर्घ पत्रव्यवहारास आरंभ होतो. खालचा सदस्य वरच्यास सांगतो, वरचा "आमच्याकडे सर्व कोरडे आहे" असे उत्तर देतो, प्रकरण संस्थेच्या सचिवांकडे जाते आणि सचिव लिहून कळवितात की, हा दोन सदस्यांमधील खाजगी प्रश्न असून संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. दरम्यान गिलावा फुगतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि वर्षानुवर्षे जिन्यात एकमेकांस नमस्कार करणारी दोन कुटुंबे नजर चुकवू लागतात.

सचिवांचे हे उत्तर सोयीचे असले तरी बरोबर नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी दुरुस्तीची विभागणी पुरेशी स्पष्ट केली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या नळ्या, छतांची संरचनात्मक दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती हे सर्व संस्थेच्या खर्चाने करावयाचे आहे. शौचालय, मोरी यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने सोसावयाचा आहे. मात्र तो कोणी सोसावा हे ठरविण्याचे काम याच तरतुदीने व्यवस्थापन समितीकडे सोपविले आहे. अनेक समित्या तरतुदीचा पहिला अर्धा भाग वाचतात आणि दुसऱ्या अर्ध्या भागाशी येऊन पुस्तक मिटतात.

ठरविणे अवघड असते, हे मान्य केले पाहिजे. पाणी सरळ खाली उतरत नाही. स्लॅबमधील भेगेतून, विजेच्या नळीच्या कडेने ते वाट काढते आणि मूळ जागेपासून चार-पाच हात दूर प्रकट होते. तथापि, साधे उपाय उपलब्ध आहेत. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून ओल कमी होते का, हे पाहता येते. झाल्यास दोष पाण्याच्या नळात. न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर चोवीस तास पाणी साठविले आणि खाली ठिबक वाढली, तर दोष फरशीखालच्या जलरोधक थरात. पाण्यात रंग मिसळला तर पुरावाही डोळ्यांसमोर येतो. या चाचणीस जाणकार प्लंबर आणि एखादा अभियंता पुरतो. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. घरातील नळी डक्टमधील सामाईक उभ्या नळीस जेथे मिळते तो सांधा मात्र खरा वादाचा. तेथे खर्च कोणाचा, याविषयी प्रत्येक संस्थेने आपला नियम आगाऊ लिहून ठेवणे इष्ट.

वरच्या सदस्याचीही एक बाजू आहे. फरशी फोडणे, नवा ब्रिकबॅट कोबा घालणे, टाइल्स पुन्हा बसविणे, आणि तोवर आठ-दहा दिवस न्हाणीघर बंद. घरात वृद्ध माणूस असेल तर हा काळ कसा काढावा, हा प्रश्न किरकोळ नव्हे. शिवाय दोष बहुधा त्याचा नसतोच. बांधकामाच्या वेळी जलरोधकाचे काम उरकले गेलेले असते आणि वीस वर्षांनी त्याचे बिल ज्याच्या पदरी पडते तो केवळ तेथे राहत असतो. स्थावर संपदा अधिनियम, 2016 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत असे दोष निदर्शनास आणले तर विकासकाने ते तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचे आहेत. पाच वर्षे होण्यापूर्वी सर्व न्हाणीघरे एकदा तपासून घेणारी संस्था शहाणी म्हणावयास हवी. अशा संस्था विरळाच.

मग तड लावावी कशी? आधी दुरुस्ती, नंतर वसुली हाच मार्ग न्याय्य ठरतो. गळतीचे स्थान निश्चित झाल्यावर समितीने सदस्यास लेखी मुदत द्यावी. मुदतीत काम न झाल्यास संस्थेने ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च त्या सदस्याच्या देयकात लावावा. एका सदस्याच्या मोरीसाठी सर्वांचा पैसा का, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. परंतु दोन घरांमधला स्लॅब हा कोणा एकाचा नसतो. त्यात मुरणारे पाणी आतील लोखंडास गंज चढविते, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पडू लागतात. आज एका फरशीपुरती असलेली बाब उद्या संरचनात्मक दुरुस्ती होऊन संस्थेच्याच माथी येते. उपविधींनी दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के वर्गणी सांगितली आहे. हा निधी ठेवींच्या पावत्यांच्या रूपाने वाढत असल्याचे वार्षिक सभेत अभिमानाने सांगितले जाते. बँकेस ठेवी प्रिय असल्या तरी गळत्या इमारतीची मुदत ठेव हे काही भूषण नव्हे.

असा ठराव भांडण सुरू होण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत संमत करून घ्यावा. तळमजला आणि शेवटचा मजला वगळता प्रत्येक सदस्य कोणाच्या तरी वर आणि कोणाच्या तरी खाली राहतो. ओल कोठे येणार हे ठाऊक नसताना केलेला नियम सहसा समतोल असतो.

खालच्या सदस्यासही दोन गोष्टी सांगावयास हव्यात. गळती थांबत नाही म्हणून मासिक देखभाल शुल्क अडवून धरणे हा उपाय नव्हे. त्यायोगे तक्रारदार स्वतःच थकबाकीदार ठरतो आणि त्याची बाजू लंगडी होते. दुसरी गोष्ट नुकसानीची. गिलावा आणि साधा रंग पूर्ववत करून मिळावा, ही मागणी रास्त आहे. पण हौसेने केलेले नक्षीदार पीओपीचे छत नव्याने करून मागणे, आणि तेही पहिली ओल दिसल्यावर दोन वर्षे गप्प राहून, हे रास्त नाही. ओल दिसताच छायाचित्रासह लेखी कळविणाऱ्याचे म्हणणे पुढे कोठेही टिकते.

विम्यावर फार भिस्त ठेवू नये. एप्रिल 2021 पासून उपलब्ध असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पाण्याची टाकी वा नळ फुटून झालेले नुकसान समाविष्ट आहे. परंतु अचानक फुटणे वेगळे आणि झीज होऊन महिनोन्‌महिने झिरपणे वेगळे.

हे सर्व सहकारी संस्थांविषयी झाले. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1970 खालील कॉन्डोमिनियममध्ये घोषणापत्र आणि तेथील उपविधी निर्णायक ठरतात. कर्नाटकात 1972 चा, गुजरातेत 1973 चा, दिल्लीत 1986 चा स्वतंत्र कायदा आहे. बंगळूर वा बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी ग्राहकाने मुंबईतील नातलगाच्या सल्ल्यावर विसंबण्यापेक्षा आपल्या इमारतीची कागदपत्रे काढून पाहावीत.

पुनर्विक्रीची सदनिका घेताना तर हे अधिकच अगत्याचे. गृहकर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकर्ता घर पाहून जातो, परंतु नुकत्याच दिलेल्या रंगाखाली काय दडले आहे हे त्यालाही दिसत नाही. व्यवहारापूर्वी खरेदीदाराने न्हाणीघराच्या छताकडे मान वर करून पाहावे, खालच्या मजल्याची घंटा वाजवून दोन शब्द बोलावे, आणि या सदनिकेविषयी गळतीची तक्रार प्रलंबित आहे का, हे संस्थेकडून लेखी मागून घ्यावे.