लाल पट्टे नकोत, कारखाना बघा!

जर्मनीतल्या आपल्या आयटीवाल्यांनी पोर्शे ९११ घ्यावी, जरूर घ्यावी. पण कॉन्फिगरेटर उघडला की ही माणसं येडी का होतात राव? सीटबेल्ट लाल, एसीच्या झडपा गाडीच्या रंगाच्या, हेडरेस्टवर घोड्याचा छाप... प्रत्येकाचे वेगळे पैसे! सिरॅमिक ब्रेक तर हजारो युरोचे. हलके असतात, ट्रॅकवर तापून दमत नाहीत, सगळं मान्य. पण तुम्ही ट्रॅकवर जाणार कधी? की म्युनिकच्या रिंगरोडवर सिग्नलला पिवळे कॅलिपर दाखवायचेत?

आणि हेच लोक गाडी आणायला कारखान्यात जायचं म्हटलं की "सुट्टी नाही रे" म्हणतात. अहो, यादीतला खरा ऑप्शन तोच आहे! ९११ स्टुटगार्टजवळ नाही, स्टुटगार्टमध्येच त्सुफेनहाउजेनला बनते. तिथे इंजिन खालून वर येऊन बॉडीत बसतं, जर्मन लोक त्याला चक्क 'लग्न' म्हणतात. समोरच म्युझियम.

लाइपझिगलाही गाडी मिळते, तिथे त्यांचा स्वतःचा ट्रॅक आहे. पण ९११ तिथे बनत नाही, हे बुकिंगआधी लक्षात घ्या. पैसे घालायचेच तर चांगल्या सीट्समध्ये घाला, नंतर बदलणं महाग पडतं. बेल्टचा रंग? काळाच ठेवा.