आपला तो कावा, त्यांचा तो दगा?

कृती एकच. आपल्या बाजूने केली की गनिमी कावा, समोरच्याने केली की दगा. हा हिशोब इतिहासाच्या तासाला चालतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच चालतो, आणि आता आमच्या कामणच्या पोरांच्या खेळातही शिरलाय. मला तो मान्य नाही. गंमत म्हणजे त्याच्याविरुद्धचा चांगला पुरावा त्याच खेळाच्या नियमांत आहे.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो बाजारात आणला. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी आता अमुक करतो’ असं सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फासे म्हटले की आपल्या बऱ्याच घरांत कपाळाला आठ्या पडतात. म्हणून इथल्या पोरांनी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात घातल्यात. काही अडत नाही.

ड्रॅगन सोडून सध्या ते लाल महाल खेळतात. शत्रू खरं तर डीएमने हलवायचा असतो. इथे मात्र ‘खान तू हो’ असं म्हणून ते काम गटातल्या एकुलत्या एका मुसलमान मुलाकडे गेलं. कोणी ठरवलं नाही, कोणाला त्यात वावगंही वाटलं नाही. मग त्याच्या टेहळ्यांनी रात्री बाकीच्यांना वाटेत गाठलं, तर गलका झाला: चीटिंग! खान दगाबाज! याच वीरांनी तासाभरापूर्वी खानाच्या चौकीवर असाच छापा घातला होता आणि टाळ्या पिटल्या होत्या.

नियम काय म्हणतो ते बघा. ‘मी हल्ला करतो’ असं आधी ओरडल्याने छापा होत नाही. लपून येणाऱ्याने चिठ्ठी काढायची, त्यात आपल्या चपळाईचा आकडा मिळवायचा. समोर प्रत्येक पहारेकऱ्याच्या सावधपणाचा आकडा असतो: १० अधिक त्याची नजर. समजा पहारेकऱ्याचा आकडा १२ आहे आणि येणाऱ्याची चपळाई ४. मग ९ किंवा वरची चिठ्ठी निघाली की तो दिसत नाही. २०१४ च्या नियमांत असा गाफील सापडलेला माणूस पहिली पाळी गमावतो. २०२४ च्या नियमांनी हे सौम्य केलं: पाळीचा क्रम ठरवताना त्याने दोनदा काढायचं आणि लहान आकडा धरायचा. मला जुना नियम जास्त पटतो, झोपलेल्या चौकीला तेवढी शिक्षा हवीच. पण दोन्हीकडे हिशोब माणसागणिक होतो. एक गाफील, त्याच्या शेजारचा जागा, असं होऊ शकतं. धर्माचा रकाना त्या कागदावर नाही.

आता खरा लाल महाल घ्या. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, आणि महिना रमजानचा. खाफीखानाच्या इतिहासात येतं की छापा मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरला, आणि आतल्यांनी नगारखान्यात नगारे वाजवायला लावले, म्हणजे कोणाचा आवाज कोणाला कळू नये. खेळाच्या भाषेत त्या गोंगाटाने पहारेकऱ्याचा १२ चा आकडा ५ ने खाली येऊन ७ होतो, आणि ९ ऐवजी ४ ची चिठ्ठीसुद्धा पुरते. शाहिस्तेखानाची बोटं गेली, मुलगा अबुल फतह मारला गेला, पुढे बादशहाने खानाची बंगालला बदली केली. यात दगा कुठे आहे? तह झाला नव्हता, शपथ घेतली नव्हती. उघड युद्ध चालू होतं आणि एका बाजूचा पहारा ढिला होता. हे मी मुसलमान म्हणून बिनदिक्कत लिहितो. पण मग खानाच्या टेहळ्यांनी वाटेत गाठलं तर तोही दगा नाही. दगा म्हणजे दिलेला शब्द मोडणं. अंधारातून येणं म्हणजे दगा नव्हे. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वेढा घालून, सुरुंग उडवून घेतला. तो दिवसाढवळ्या घेतला म्हणून जास्त पवित्र ठरतो का?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, तेव्हा शब्दांचं थोडं सांगतोच. ‘दगा’ फारसी. ‘गनीम’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, अर्थ शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणायचे. शत्रूने ठेवलेलं नाव आपण अभिमानाने मिरवतो. रात्रीच्या छाप्याला उर्दूत शबखून म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुक असेल की धिक्कार, हे बोलणारा कोणत्या बाजूचा आहे यावर ठरतं. म्हणजे खोड आपल्याकडेही आहे. आपल्या मजलिशीत कोण्या सुलतानाच्या रात्रीच्या छाप्याला ‘हिकमत’ म्हणणारे बुजुर्ग मी ऐकलेत.

राहिली ‘खान तू हो’ची गोष्ट. एक शिक्षक मित्र म्हणाले, ‘सर, पोरं आहेत, सोडून द्या.’ नाही सोडणार. प्रतापगडाखाली १६५९ साली महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. ते पात्र कोणाला सुचलं नाही. आणि २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा खानाच्या फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. मराठी बाई, मोगलांच्या बाजूने. अरुंद खिंड, दाट झाडी, पाण्याचा तुटवडा, वर दबा धरलेले मावळे. छाप्याचे नियम शिकवायला याहून चांगला पट मिळायचा नाही. शेवटी खंडणी देऊन खानाची फौज सुटली.

पुढच्या रविवारी पोरं उंबरखिंड खेळणार आहेत. माझी अट एकच: कोणाकडे कोणतं पात्र जाईल तेही डब्यातल्या चिठ्ठीनेच ठरवायचं. दोघांच्या घरून अजून होकार आलेला नाही. एक घर त्यांचं आहे, एक आपलं.