नारळ उभा राहतो. पाणी लागते का?

जमिनीत लोखंड घातले तर जमिनीला विष चढते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुलखातल्या शेतकऱ्यांत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा याच समजुतीने त्यांची वाट अडवली. लाकडी नांगर वाडवडिलांपासून चालत आलेला, गावच्या सुताराने घडवलेला. त्याच्यापुढे हे काळे, जड धूड म्हणजे अघोरी प्रकारच वाटला असणार. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगांनी आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती पलूस तालुक्यात आहे. तिथले पंप देशभर पाणी उपसतात आणि विषाची ती गोष्ट कुणाला आठवतही नाही.

ती समजूत व्याख्याने देऊन गेली नाही. नांगराचा तास किती खोल गेला हे बांधावर उभे राहून दिसते. हराळी मुळासकट निघाली की नाही, हे पहिल्या पावसातच कळते. शेजाऱ्याचे रान लाकडी नांगराने नांगरलेले असते, तुलना आपोआप होते. नांगर खोटा असता तर एका हंगामात उघडा पडला असता. नव्या वस्तूला याहून कठोर परीक्षक मिळणे कठीण.

नवलाईची पलूस परिसराला आजही वाण नाही. द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन आले, हवामानाचा अंदाज खिशातल्या फोनवर आला. भिलवडीला चितळ्यांच्या प्रकल्पात तर गेल्या काही वर्षांत असे वीर्य तयार होऊ लागले, की त्यापासून बहुतांशी कालवडीच जन्माव्यात. ऐकताना हे बुवाबाजीसारखे वाटते. पण त्यामागचे सूत्र साधे आहे. मादी वासरू देणाऱ्या शुक्रपेशीत नर देणाऱ्या पेशीपेक्षा सुमारे चार टक्के अधिक डीएनए असतो. रंगद्रव्य लावून लेसरचा झोत टाकला, की हा फरक यंत्राला दिसतो. आणि दावा कसा, तर दहातली नऊ वासरे मादी. नऊ महिने थांबा आणि गोठ्यात जाऊन मोजा. नांगरासारखाच हा व्यवहार रोखठोक.

घोडे अडते ते पाण्यापाशी.

तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालणारा पाणाड्या आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. नारळ उभा राहिला की खाली पाणी. कुणी दोन फाट्यांची हिरवी काडी वापरतो, कुणी तांब्याच्या काटकोनी सळ्या. अलीकडे याच सळ्यांना मूठ, दिवे आणि आकडे दाखवणारी तबकडी बसवून त्यांचे ‘डिटेक्टर’ झाले आहेत. तंत्राची हौस असलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशी वस्तू हातात घ्यावीशी वाटते, हे कबूल. पण आतल्या मोकळ्या फिरणाऱ्या सळीला वळायला मनगटाची केसभर हालचाल पुरते, आणि ती आपल्या नकळत होते. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने १८५२ मध्येच या प्रकाराचे वर्णन करून ठेवले आहे. मनात अपेक्षा आली की स्नायू हलतात, माणसाला मात्र वस्तूच हलली असे वाटते. म्हणून पाणाड्याला लबाड म्हणण्याचे कारण नाही. बहुतेकांचा स्वतःवर पूर्ण विश्वास असतो.

जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिचजवळ एका दुमजली कोठारात याची मोठी परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर दहा मीटर लांबीच्या रेषेवर पाण्याचा नळ हवा तिथे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा सांगायची. मोठ्या संख्येतून निवडलेले ४३ जण आणि ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांनी काही जणांना ही विद्या खरोखर अवगत असल्याचा निष्कर्ष काढला. १९९९ मध्ये जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘मधोमध’ असे सांगितले असते, तर जेवढी चूक झाली असती, तिच्याहून सर्वांत सरस पाणाड्याची चूक सरासरीने कमी होती ती अवघ्या चार मिलिमीटरने.

फिरत्या सळीचे भयंकर रूप जगाने इराकमध्ये पाहिले. मुठीला जोडलेली ही सळी बॉम्ब शोधते, असे सांगून जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने ती बगदादच्या नाक्यांवर पोहोचवली. मूळ वस्तू होती हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याचे, वीस डॉलरांच्या आतले खेळणे. विकली गेली हजारो डॉलरला एक. बॉम्ब भरलेल्या मोटारी तिच्यासमोरून निघून गेल्या, माणसे मेली. २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. मोठमोठे अधिकारी फसले, कारण सळी कुठे वळली नाही तर ‘बॉम्ब नसेल’ असे म्हणता येत होते. अपयश दिसतच नव्हते.

आपल्याकडे ते बोअरच्या भोकात लपते. बोअर कोरडी गेली की ‘नशीब’, पाणी लागले की पाणाड्याचा लौकिक. कृष्णेकाठच्या मळीत कुठेही खणले तरी पाणी लागणारच. तिथे नारळ काय आणि नाणेफेक काय! तासगावच्या बाजूला वर सरकावे तसा काळा कातळ पुढे येतो आणि खरी परीक्षा तिथे होते. कर्ज काढून शेकडो फूट बोअर मारायची, धुरळाच उडाला तर चार पावलांवर दुसरी, मग तिसरी. घरातले दागिने बँकेत जातात ते अशा वेळी.

मग शास्त्राकडे यंत्र नाही का? आहे. जमिनीत एका रेषेत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात, आतल्या दोहोंत विजेचा दाब मोजतात. खुंट्यांतले अंतर वाढवत नेले, की वीज अधिकाधिक खोलवरून जाते. अखंड कोरडा कातळ विजेला जबर विरोध करतो. पाणी धरलेला मुरूम किंवा सच्छिद्र थर कमी करतो. पण चिकणमातीही विरोध कमी करते आणि क्षारही करतात. उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेल्या आपल्या नदीकाठच्या रानांत हा आकडा चांगलाच फसवू शकतो. म्हणून जाणता भूवैज्ञानिक ‘शक्यता बरी आहे’ एवढेच म्हणतो. पाणाड्या मात्र ‘एकशेऐंशी फुटांवर तीन इंची’ असे ठणकावतो. खिशातले पैसे ठणकावणाऱ्याकडे जातात, हा मनुष्यस्वभाव.

जुने ते सारे टाकाऊ, असेही नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातल्या पाण्यावर ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय आहे. अमुक झाड, त्याच्या अमुक दिशेला वारूळ असेल, तर इतक्या हातांवर, इतक्या पुरुष खोलीवर पाणी. सगळेच खरे ठरेल असे नव्हे. पण दिशा आणि माप दिले आहे, म्हणजे खणून पडताळता येते. अनुभवी पाणाड्याही ओढ्याचे वळण, उंबराची जागा नकळत वाचत असतो. श्रेय मात्र नारळाला देतो.

आता उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने सुरू केलेला प्रयोग बराच गाजला, २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतील या तंत्रासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. जमिनीतली ओल मोजणारे खांब, उपग्रहाची छायाचित्रे, फोनवर येणारा सल्ला. मला स्वतःला हे सारे फार आशादायक वाटते. पण उतारा वाढला असे कुणी सांगितले, तर पलूसच्या शेतकऱ्याने त्याला आजोबांचा प्रश्न विचारावा: शेजारच्या रानात काय झाले? तेच बेणे, तेच खत, तेवढेच लक्ष, फक्त यंत्राचा सल्ला नाही, असे रान बाजूला होते काय? ज्याने यंत्र घेतले त्याने त्या वर्षी ठिबकही बसवले असेल, तर गुण कुणाचा?

बोअरच्या बाबतीत हे काम फारसे खर्चाचेही नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या नोंदी मदतीला आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी एका सुट्टीत वही घेऊन गावोगाव हिंडावे. बोअर कधी मारली, किती फूट, पाणी किती इंची, दुसऱ्या उन्हाळ्यात टिकले का. कोरड्या गेलेल्याही सगळ्या लिहायच्या, कारण त्या कुणी आपण होऊन सांगत नाही. शेवटचा रकाना: जागा कुणी दाखवली? नारळाने, दिवेवाल्या यंत्राने, भूवैज्ञानिकाने, की ‘गोठ्याजवळच घ्या, मला लांबून पाणी आणवत नाही’ असे घरच्या बाईने म्हटले म्हणून.