पिल्लू हवंय? आधी त्या मोठ्या मांजरीकडे बघा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला : "पार्किंगमध्ये मांजरीने पिल्लं घातलीत, कुणाला हवीत का?" दुसरा जरा दबक्या आवाजातला : "आमची मांजर दोन वर्षांची आहे, खूप गुणी आहे, बदली झाल्यामुळे चांगलं घर शोधतोय." पहिल्याखाली तासाभरात बदामांचा पाऊस पडतो. दुसऱ्याखाली कुणीतरी हात जोडलेली खूण टाकतं आणि विषय संपतो.

मी काही वर्षं दर रविवारी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते. तिथेही हेच. लोक येतात, पिंजऱ्यातल्या मोठ्या मांजरींसमोरून चालत जातात आणि विचारतात, "लहान नाहीये का?" म्हणून आज स्पष्टच लिहिते. ज्या घरातली सगळी माणसं दिवसभर बाहेर असतात, ज्या घरात फक्त ज्येष्ठ मंडळी आहेत किंवा अगदी लहान मूल आहे, त्यांनी पिल्लाच्या मागे लागू नये. पूर्ण वाढ झालेली, नसबंदी झालेली मांजर आणावी. हे मी दया म्हणून सांगत नाहीये. तुमच्या सोयीचंही तेच आहे.

आधी साधा हिशेब करू. घरात नीट सांभाळलेली मांजर १२ ते १५ वर्षं सहज जगते, काही त्याहून जास्त. त्यातलं पिल्लूपण किती? जेमतेम सहा-आठ महिने. म्हणजे तुम्ही पिल्लू आणलं तरी तुमच्या घरात राहणार आहे ती मोठी मांजरच. प्रश्न एवढाच की ती कशी निघेल हे आधी बघून आणायची, की नशिबावर सोडायची.

पिल्लू म्हणजे झाकली मूठ. ते मांडीत बसणारं निघेल की कपाटावर जाऊन बसणारं, लहान मुलांना सहन करेल की नाही, हे आठ आठवड्यांच्या गोळ्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तीन-चार वर्षांच्या मांजरीचं तसं नसतं. तिला रोज खाऊ घालणारी माणसं सांगतात : ही कुत्र्यांना घाबरते, हा बोका बडबड्या आहे, ही भाटी कुकरच्या शिट्टीलाही हलत नाही. तब्येतीचंही तेच. मांजरांमधल्या एफआयव्ही या विषाणूची नेहमीची चाचणी लहान पिल्लात फसवू शकते, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडीज काही महिने रक्तात असतात. मोठ्या मांजरीत त्या चाचणीवर जास्त विसंबता येतं.

आता पिल्लाचं काम किती, तेही ऐका. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडायचंच नसतं. मग लशींचे डोस, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस वेगळी. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी, कारण पिल्लाला उंची कळत नाही. आणि रात्री दोन वाजता पायाच्या अंगठ्यावर हल्ला. सकाळी नऊला घर बंद करून हिंजवडीला जाणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या जोडप्याने हे कसं निभवायचं? एकटं, कंटाळलेलं पिल्लू पडदे फाडतं, हात चावतं, आणि मग "आमचं मांजर फार आक्रमक आहे" अशी तक्रार येते. ते आक्रमक नाही हो. त्याला खेळायला कुणी नाहीये.

खरी गडबड पाचव्या-सहाव्या महिन्यात होते. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गर्भारपण जेमतेम नऊ आठवड्यांचं असतं. "अजून लहानच आहे" म्हणत नसबंदी पुढे ढकलली की वर्षाच्या आत घरात पिल्लांची पिल्लं. बोका असेल तर कोपऱ्याकोपऱ्यात उग्र वासाच्या पिचकाऱ्या. शेल्टरला "घेऊन जा" असे जे फोन येतात, त्यातले कितीतरी या वयाच्या मांजरांसाठी असतात. तोपर्यंत पावसाळा संपलेला असतो, मांजर मोठं झालेलं असतं, आणि आता ते कुणालाच नको असतं.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य : "लहानपणापासून वाढवलं तरच लळा लागतो." हे अर्धंच खरं आहे. मांजराला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात माणसांच्या हातांची सवय झाली असेल तर ती पुढे टिकते, मग ते हात तुमचे असोत की दुसऱ्या कुणाचे. म्हणून माणसांत वाढलेली पाच वर्षांची मांजर तुमच्याकडे रुळते, आणि वळचणीत वाढलेलं चार महिन्यांचं पिल्लू वर्षभर पलंगाखालून बाहेर येत नाही, असंही होतं. मोठ्या मांजरीला वेळ मात्र द्यावा लागतो. पहिले काही दिवस ती कपाटामागे बसेल, रात्री गुपचूप खाईल. तिला ओढून बाहेर काढू नका. एक खोली, मातीचा ट्रे, पाणी आणि शांतता द्या. काही आठवड्यांत घर तिचं होतं.

मागच्या वर्षी पेठेतल्या एक काकू आल्या होत्या. वय बहात्तर, काका त्याहून मोठे. "पिल्लू दे गं, घरात जरा हालचाल होईल." मी म्हटलं, "काकू, ते पंधरा वर्षं जगेल. तुम्ही तेव्हा सत्त्याऐंशीच्या असाल." काकू हसल्या, मग गप्प झाल्या. शेवटी त्यांनी आठ वर्षांची एक भाटी नेली. तिची मालकीण वारली होती आणि मुलांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं होतं. आता दुपारी काका पेपर वाचतात आणि ती पेपरवर बसते. काकूंना हवी होती ती हालचाल एवढीच.

घरात पाळणा हलणार म्हटलं की मांजर बाहेर काढायची आपल्याकडे पद्धतच पडलीय. टॉक्सोप्लाझ्माची भीती खोटी नाही, पण समजून घ्या. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला की साधारण काही आठवडेच त्याच्या विष्ठेतून हा परजीवी बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करावा, आणि तो गर्भवती बाईने न करता दुसऱ्या कुणी करावा. घरातच राहणारी, शिजवलेलं खाणारी मोठी मांजर इथे नव्या पिल्लापेक्षा कमी जोखमीची असते.

मग पिल्लू कुणीच घेऊ नये का? घ्यावं की. दिवसभर कुणीतरी घरी असेल, नसबंदीची तारीख आधीच ठरवलेली असेल, तर जरूर घ्या. शक्यतो एका आईची दोन घ्या, ती एकमेकांना खेळवतात आणि किती जोरात चावायचं नाही हेही शिकवतात. एक अट मात्र पिल्लू असो की मोठी, दोघांनाही लागू : घरात मांस-मासे किंवा मांजरांचं तयार खाणं चालणार नसेल तर मांजर आणूच नका. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूध-पोळीवर मांजर जगत नाही, झिजतं.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात १० ते ५० रुपये. मंडईच्या पार्किंगमध्येही याहून जास्त जातात. म्हणजे मांजर टाकून देणाऱ्याला अडवणारं कुणी नाही. अडवायचं ते आणण्याआधीच, स्वतःला.

शेल्टरवाल्यांनाही माझं सांगणं आहे. आलेल्या माणसाला थेट पिल्लांच्या खोलीत नेऊ नका. आधी विचारा : घरी कोण असतं, किती वेळ असतं, भाड्याचं घर आहे का, पुढच्या पाच वर्षांत कुठे जायचा बेत आहे. मग त्या घराला साजेशी मोठी मांजर दाखवा. महिनाभर सांभाळून बघायची मुभा द्या.

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्या आज्या सांगायच्या. ती फिरवते ते पिल्लं जगावीत म्हणून. माणसं फिरवतात ती कंटाळा आला म्हणून. या रविवारी शेल्टरमध्ये गेलात तर मोठ्या मांजरींच्या पिंजऱ्यासमोर अर्धा तास नुसतं बसा. हाक मारू नका. जी आपणहून जवळ येईल, तिला घरी न्या.