अर्धवट वह्यांची जबाबदारी कुणाची?

"आपल्या पोरांना काहीही सुरू करून द्या, तडीस नेत नाहीत." वस्तीतल्या बैठकांत हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारे बहुधा आपलेच असतात. शिकलेले, नोकरीला लागलेले. कुणी चित्रकला सोडली, कुणी गावाचा इतिहास लिहायला घेतला आणि दहा पानांवर थांबला. निष्कर्ष ठरलेला: चिकाटी नाही. आम्ही हा निष्कर्ष साफ नाकारतो. 'यांच्या अंगातच नाही' हे जातीव्यवस्थेचे जुने पालुपद आहे. ते आपल्या तोंडी शोभत नाही.

औंधचेच पाहा. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींना चित्रकलेचा ध्यास. त्यांनी स्वतः चित्रे काढली, देशोदेशीच्या कलाकृती जमवल्या आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. हेन्री मूरचे शिल्प आज दुष्काळी खटाव तालुक्यात पाहायला मिळते ते त्यामुळेच. राजाची रसिकता आम्हाला मान्य आहे. पण तिच्या पाठीशी संस्थानची तिजोरी होती आणि ती रयतेने भरलेली होती.

त्याच संस्थानातल्या आटपाडीत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. वडील तराळ. आटपाडी, औंध, पुणे असे शिक्षण. पुढे वकिली, 'प्रबुद्ध भारत'चे संपादन, कथा, आत्मकथन, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. आपण भाषणात हे नाव घेतो आणि म्हणतो, "बघा, इच्छा असली की होते!" एक खरात पोचले म्हणून वाटेत राहिलेले सगळे आळशी ठरतात काय?

खुद्द बाबासाहेबांचा अभ्यास अर्ध्यावर थांबला होता, हे आपण विसरतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण सोडून परतावे लागले. त्यांच्यात चिकाटी कमी होती, असे म्हणायची कुणाची हिंमत आहे? १९२० साली ते पुन्हा गेले, तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, मित्र नवल भथेना यांचे कर्ज होते. मागे मुंबईत हलाखीत संसार ओढणारी रमाई होती. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. ज्ञानाची भूक बाबासाहेबांची. पण थांबलेले काम पुन्हा सुरू व्हायला पैसा, वेळ आणि माणसे लागली.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने आजीच्या जात्यावरच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या उतरवायला घेतल्या. बावीस झाल्या. मोबाइल वडिलांचा, ते कामाला मुंबईला गेले, मोबाइल गेला. आई मजुरीला जाऊ लागली, चूल हिच्याकडे आली. मग बारावी. वही बंद. तिला व्याख्यान नको होते. आवाज टिपायला एखादे जुने यंत्र, संध्याकाळचा मोकळा तास आणि "पुढं काय झालं?" असे दर रविवारी विचारणारे एक माणूस, एवढेच हवे होते.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी पोटाची सोय, मग छंद. पोटाचा प्रश्न खराच आहे. पण श्रीमंतांच्या शाळांत याच छंदाला 'पॅशन प्रोजेक्ट' म्हणतात, त्याला मार्गदर्शक नेमतात आणि परदेशी प्रवेशाच्या अर्जात तो मिरवतात. आपल्या पोरांनी मात्र फक्त स्पर्धा परीक्षेचे गाइड घोकायचे? मग आपल्या आज्यांच्या ओव्या कोण उतरवणार, आणि कुणाच्या नजरेने?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक विहाराने वर्षाला निदान तीन विद्यार्थी निवडावेत. प्रत्येकामागे एक जबाबदार माणूस. त्याने शिकवायचे नाही. आठवड्याला विचारायचे आणि अडलेले सोडवायचे. काम लहान धरा, शेवट ठरवा. 'लोकगीतांचा अभ्यास' असे मोघम नको. 'आपल्या वस्तीतल्या पाच आज्या, चाळीस पाने' असे मोजता येणारे हवे. तारीख ७ नोव्हेंबर धरा. १९०० साली याच दिवशी भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या दिवशी विहारात प्रत्येकाने आपले काम सर्वांसमोर मांडावे. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक वाटा यासाठी काढा. डीजेची एक रात्र कमी झाली तर चळवळ बुडत नाही. मुलगी असेल तर तिच्या घरी जाऊन तिचा तास मागून घ्या.

आणि विषय आपण लादायचा नाही. कुणाला पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या असतील, कुणाला जुनी मोटर उघडून पाहायची असेल, तर तेही आपलेच काम. आंबेडकरी पोराने फक्त आंबेडकरांवरच लिहावे, ही अट बाबासाहेबांनी घातलेली नाही. ते स्वतः रुपयाच्या प्रश्नावर लिहीत होते.

दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ देणे सोपे आहे. निकाल लागल्यावर टाळ्या वाजवायला काही लागत नाही. काम अर्ध्यावर अडते त्या आठवड्यात दार ठोठावणारा कार्यकर्ता हवा. तुमच्या वस्तीत अशा किती वह्या बंद पडल्या आहेत, ते या रविवारी विचारून या. मग चिकाटीवर बोलू.

जय भीम!