गाडी ‘मिसिंग’ मारतेय? आधी डिस्ट्रिब्युटर बघा



मागच्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका काकांचा फोन आला. त्यांची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० पाऊस सुरू झाल्यापासून मध्येच बंद पडते. एकदा तर काकू गाडीत असताना भर चौकात बंद पडली. गॅरेजवाला ‘गाडी मिसिंग मारे छे’ म्हणतो. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, पेट्रोल पंप बदलला, आणि आता मुलगा म्हणतो भंगारात द्या. पण डिस्ट्रिब्युटरचं झाकण कोणी उघडलं होतं का? नाही!

नव्या गाड्यांत हा भाग नसतो, त्यामुळे तरुण मेकॅनिकांचा त्याच्यावर हात बसलेला नसतो. काम मात्र सोपं आहे. कॉइलमधून आलेला करंट आत फिरणारा रोटर एकेका प्लगला वाटून देतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर डिस्ट्रिब्युटर १५०० घेतो. तीन सिलिंडर धरले तर सेकंदाला ७५ ठिणग्या झाल्या. त्यातल्या थोड्या चुकल्या तरी गाडी आचके देते.

पेट्रोलचा दोष की ठिणगीचा, याचा एक ठोकताळा आहे. पेट्रोल कमी पडलं की गाडी रडतखडत, आचके देत थांबते. ठिणगी गेली की चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प होते. शंभर टक्के खरं नाही, पण सुरुवात करायला पुरतं. पावसात किंवा दमट सकाळी सुरू न होणं, चढावर जोर न धरणं, सायलेन्सरमधून फटाका वाजणं, ही लक्षणंही बहुतेक वेळा इकडेच बोट दाखवतात.

रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच बघा. कॅपवर किंवा वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तर करंट बाहेर गळतोय. हात लावू नका, तिथे १५-२० हजार व्होल्ट असतात. पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही जाऊ नये.

मग इंजिन बंद करून चावी काढा आणि कॅप उघडा. त्याआधी वायरींवर १, २, ३ असे नंबर चिकटवा. वायरींची अदलाबदल झाली तर नवाच आजार सुरू होतो. कॅपच्या आत ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी काळी बारीक रेष दिसली, तर तो कार्बनचा मार्ग आहे. ती पुसून जात नाही, कॅप बदलायची. रोटरचं टोक जळलेलं असेल तर तोही बदला. सीबी पॉइंट खडबडीत झाले असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट बदलून कंडेन्सर तोच ठेवला, तर नवे पॉइंटही लवकर जळू शकतात.

एक तपासणी बरेच जण विसरतात. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. खळखळ जाणवली तर आतलं बुश झिजलंय. मग पॉइंटचा गॅप कितीही नीट लावा, तो टिकत नाही. इथे कॅप-रोटरवर खर्च करण्यात अर्थ नाही. बुश बदलून घ्या किंवा आख्खा डिस्ट्रिब्युटर बदला. तो काढण्याआधी बॉडीवर आणि इंजिनवर मिळून एक खूण करा, रोटर कुठे तोंड करून आहे तेही लिहून ठेवा. पॉइंटचं काम झालं, तरी शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग तपासायलाच हवं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक शिस्त असते: एका वेळी एकच बदल करायचा, मग चालवून बघायचं. गॅरेजमध्येही तसंच सांगा. कॅप, रोटर, प्लग, कॉइल सगळं एकदम बदललं, की दोष नेमका कुठे होता ते कळतच नाही.

काकांच्या गाडीची कॅप आम्ही रविवारी उघडली. आत कार्बनची रेष होती, एका खुंटीपासून दुसरीपर्यंत. नवी कॅप आणि रोटर बसवला. शाफ्टला किंचित खेळ आहे, म्हणून पाऊस संपेपर्यंत लांबच्या प्रवासाला न्यायची नाही, असं ठरलं आहे.